अर्धा वर्ग बाकावर, अर्धा मोबाईलवर : तासाचं नियोजन कसं करावं?



२० ऑक्टोबर २०२१ ला राज्यातली महाविद्यालयं पुन्हा प्रत्यक्ष सुरू झाली. त्याआधी फेब्रुवारी २०२१ मध्ये ५० टक्के उपस्थितीने काही दिवस वर्ग भरले होते, पण दुसऱ्या लाटेत ते परत बंद पडले. ऑक्टोबरमध्ये ज्यांचे लसीचे दोन डोस झाले होते त्यांनाच वर्गात बसता येत होतं. म्हणजे पहिल्याच दिवशी वर्गाचे दोन भाग झाले. दोन डोसवाले बाकावर आणि बाकीचे मोबाईलवर.

त्यातच ऑक्टोबर संपताना एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. दिवाळी झाली, सुट्ट्या संपल्या, तरी गाड्या बंदच. हा संप पुढे एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. आमच्या देवणी तालुक्यात वलांडी, बोरोळ, जवळगा अशा गावांतून आणि सीमेवरच्या वाड्या-तांड्यांवरून येणारी बहुतेक मुलं एसटीच्या पासवर शिकतात. ज्यांच्या घरी मोटारसायकल ती पोरं आली. ज्यांच्या घरी नाही त्यांनी गटावर मेसेज टाकले, "सर, गाडी नाही. ऑनलाईन घ्या."

मग मी काय केलं? टेबलावर पुस्तकांची चळत रचली, त्यावर मोबाईल टेकवला, कॉल सुरू केला आणि नेहमीसारखा तास घेतला. दोन महिने घेतला. मला वाटलं, दोन्हीकडे शिकवतोय. प्रत्यक्षात मी एकाच ठिकाणी शिकवत होतो आणि दुसरीकडे फक्त ऐकू जाईल अशी आशा धरून होतो.

आता कुणी म्हणेल, कोरोना गेला, संपही मिटला, तर हा विषय आज कशाला? तर तो आजही आहे, म्हणूनच हा लेख.

दूरचा विद्यार्थी म्हणजे नेमका कोण?

आपल्या पदवीच्या वर्गाचं हजेरीपत्रक काढा आणि जी नावं नियमित दिसत नाहीत त्यांच्यासमोर कारण लिहा. मी लिहिलं तेव्हा चार प्रकार निघाले.

पहिला, नोकरीवर गेलेला. प्रवेश इथं, पण मुलगा पुण्यात कंपनीत किंवा लातूरला अभ्यासिकेत पोलीस भरतीची तयारी करतोय. दुसरा, हंगामात अडकलेला. सोयाबीनच्या काढणीला, तुरीच्या राशीला घरचे हात लागतात. काही घरं ऊसतोडीला जातात ती दिवाळीच्या आगेमागे निघून थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तिसरा, वाहन नसलेला. चौथा, घरून पाठवलं न जाणारा, आणि इथं 'न जाणारी' म्हणणंच जास्त खरं आहे.

ब्रायन बीटी नावाच्या प्राध्यापकांनी सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठात २००६ च्या सुमारास एक पद्धत मांडली. तिला 'हायफ्लेक्स' म्हणतात. एकच अभ्यासक्रम, पण विद्यार्थ्याने ठरवायचं की आज वर्गात यायचं, ऑनलाईन हजर राहायचं की नंतर आपल्या वेळेने करायचं. त्यात चार तत्त्वं आहेत. निवड विद्यार्थ्याची हवी, कोणतीही वाट घेतली तरी शिकणं तोलामोलाचं हवं, एका वाटेसाठी तयार केलेलं साहित्य दुसऱ्या वाटेलाही वापरता यावं, आणि ते साहित्य सगळ्यांच्या हाती पोचावं.

तत्त्वं चांगली आहेत. पण पहिल्यापाशीच आपली गाडी अडते. आपल्याकडे निवड विद्यार्थी करतोच असं नाही. कधी ती बसच्या वेळापत्रकाने होते, कधी बापाने, कधी घरातल्या एकुलत्या एका फोनने. म्हणून मी क्रम बदलला. आधी साहित्य पोचतं का ते पाहायचं, मग तोलामोलाचं शिकणं, आणि निवडीचं शेवटी.

माझ्या तीन चुका

पहिली चूक, सगळा वेळ व्हिडिओ. अनेक मुलांकडे रोजचा दीड जीबीचा पॅक आणि त्यात भावा-बहिणीचा वाटा. माझा फळा त्यांना धुरकट दिसायचा आणि डेटा मात्र संपायचा. "सर, आवाज येईना झालाय" हे वाक्य तासात दहा वेळा यायचं.

दुसरी चूक, दोन्हीकडे एकाच वेळी बोलणं. वर्गातल्या मुलाने काही विचारलं की दूरच्यांना तो प्रश्न ऐकूच जात नाही, त्यांना फक्त माझं उत्तर ऐकू येतं. दूरच्याने विचारलं की मी फोनकडे वाकतो आणि अख्खा वर्ग माझ्या पाठीकडे बघत बसतो.

तिसरी चूक सगळ्यात मोठी. पडद्यावर नाव दिसतंय म्हणजे मूल शिकतंय असं मी धरलं. एक मुलगी दोन महिने रोज वेळेवर जोडली जायची. घटक चाचणीत तिने कोरा कागद दिला. विचारलं तेव्हा कळलं, फोनचा स्पीकर बिघडला होता. हजेरी लागावी म्हणून ती रोज जोडली जायची आणि माझे ओठ हलताना बघायची. "सांगितलं का नाहीस?" म्हटल्यावर म्हणाली, "सर, तुम्ही रोज विचारत होतात की आवाज येतोय का. सगळे हो म्हणायले, मग मी बी म्हणलं."

तेव्हापासून "आवाज येतोय का?" आणि "समजलं का?" हे दोन प्रश्न मी विचारत नाही. त्यांचं उत्तर नेहमी 'हो' असतं.

६० मिनिटांची मांडणी

खालचं वेळापत्रक दोन वर्षं घासून-पुसून तयार झालंय. ४८ मिनिटांची तासिका असेल तर दुसरी मांडणी वगळा आणि बाकीच्यातून चार मिनिटं कापा.

० ते ५ मिनिटं : जमणं. फळ्यावर कालच्या तासाचा एक प्रश्न, तोच गटावर. पहिली दोन उत्तरं दूरच्या मुलांकडून, नाव घेऊन. ज्याचा आवाज येत नाही तो इथंच सापडतो.

५ ते १७ : पहिली मांडणी. बारा मिनिटांपेक्षा जास्त सलग बोलायचं नाही. कॉलवर फक्त आवाज. फळ्याचा फोटो एका मुलाने काढून लगेच गटावर टाकायचा. आम्ही दर आठवड्याला एका विद्यार्थ्याला 'दूत' नेमतो, फोटो त्याचं काम. वर्गातला प्रश्न फोनजवळ येऊन पुन्हा बोलणं हेही त्याचंच काम.

१७ ते ३२ : काम. एक उदाहरण किंवा प्रश्न सोडवायला द्यायचा. बाकावरची मुलं जोडीने सोडवतात. पहिली सात मिनिटं मी फोनवरच्या मुलांशी बोलतो, पुढची आठ बाकांमधून फिरतो. या पंधरा मिनिटांत प्रत्येक गटाला पूर्ण शिक्षक मिळतो. सगळ्या नियोजनाचा कणा हाच.

३२ ते ४२ : उत्तरांची चर्चा. एक उत्तर बाकावरचं, एक दूरचं, आळीपाळीने.

४२ ते ५० : दुसरी, छोटी मांडणी. चर्चेत जे अडलं तेवढंच.

५० ते ५७ : वहीत चार ओळी. आज काय शिकलो आणि काय अडलं. वर्गातले वही दाखवतात, दूरचे वहीचा फोटो पाठवतात.

५७ ते ६० : उद्याचा प्रश्न आणि घरचं काम.

एक व्यावहारिक सूचना. गुगल मीटच्या मोफत खात्यावर तीन किंवा जास्त जण असले की कॉल ६० मिनिटांनी बंद होतो, झूमचा ४० मिनिटांनी. म्हणून कॉल तासाच्या घंटेलाच सुरू करा. दहा मिनिटं आधी सुरू केला तर नेमकी वही लिहायच्या वेळी तो तुटतो.

आणि जो त्या वेळी जोडलाच जाऊ शकत नाही, म्हणजे कंपनीत पाळीवर आहे किंवा फडात आहे, त्याचं काय? त्याच्यासाठी आदल्या संध्याकाळी चार मिनिटांचा बोललेला मेसेज, तासातले फळ्याचे फोटो आणि तोच वहीचा प्रश्न. बोललेल्या मेसेजला डेटा अगदी थोडा लागतो आणि तो रेंज येईल तेव्हा उतरतो. उत्तर रविवार रात्रीपर्यंत.

एक नमुना पाठ : मागणीची किंमत लवचिकता

वर्ग बी. ए., विषय अर्थशास्त्र.

आदल्या संध्याकाळचा मेसेज : "घरी आईला विचारा. टोमॅटो २० रुपये किलोवरून ३० झाला तर आठवड्याला किती घ्यायचा? मिठाची पुडी दुप्पट महाग झाली तर किती घ्यायची? जे बाहेरगावी आहेत त्यांनी जवळच्या वडापाववाल्याला विचारा, भाव वाढवला तर गिऱ्हाईक किती तुटेल?"

इथं एक गंमत झाली. हा गृहपाठ घरी असलेल्या मुलांनीच जास्त चांगला केला, कारण आई समोरच होती. आणि वडापावचा आकडा पुण्यातल्या मुलाने पाठवला. त्या दिवशी वर्गातली मुलं दूरच्यांचे आकडे वापरून गणित करत होती. एरवी दूरचा मुलगा म्हणजे वर्गाचं शेपूट. त्या तासाला तो सामग्री आणणारा झाला. तेव्हापासून मी प्रत्येक घटकात असा एक तरी प्रश्न शोधतो, ज्याचं उत्तर वर्गाच्या भिंतीबाहेरच मिळतं.

पहिली मांडणी : सूत्र फळ्यावर. मागणीतील शेकडा बदल भागिले किमतीतील शेकडा बदल.

काम : टोमॅटो २० वरून ३० म्हणजे किमतीत ५० टक्के वाढ. खरेदी २ किलोवरून दीड किलो म्हणजे २५ टक्के घट. लवचिकता ०.५. एकापेक्षा कमी, म्हणजे कमी लवचिक मागणी. वडापाव १५ वरून १८ म्हणजे २० टक्के वाढ. विक्री रोज १०० वरून ७० म्हणजे ३० टक्के घट. लवचिकता १.५. एकापेक्षा जास्त, म्हणजे अधिक लवचिक मागणी. मीठ दुप्पट झालं तरी पुडी तेवढीच, म्हणजे शून्य, संपूर्ण अलवचिक.

चर्चा : टोमॅटो कमी घेतला तरी पूर्ण का सोडला नाही? वडापाव का सोडला? पर्यायी वस्तू, गरजेची तीव्रता, उत्पन्नातला वाटा हे घटक मुलांच्या तोंडूनच येतात.

त्या दिवशी कॉलवरून एकाने विचारलं, "सर, मग माल जास्त पिकला की आमच्या हातात पैसा कमी का येतो?" तो रानातून बोलत होता, मागे मळणीयंत्राचा आवाज होता. दुसरी मांडणी मी ठरवलेली बाजूला ठेवली आणि या प्रश्नावर घेतली. मागणी कमी लवचिक असली की जास्त आलेला माल खपवायला भाव फार खाली यावा लागतो. माल वाढतो २० टक्के, भाव पडतो ४० टक्के. शंभर क्विंटल प्रत्येकी १००० रुपयांनी विकले असते तर एक लाख आले असते. आता १२० क्विंटल ६०० रुपयांनी गेले तर ७२ हजार. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, आणि सोयाबीनचा भाव तेल व पेंडीच्या जागतिक बाजाराशीही बांधलेला असतो, हेही सांगितलं. पण मुद्दा पोचला. बाकावरची पोरं मान वळवून फोनकडे बघत होती.

सत्राचा हिशेब

एक तास नीट बसला तरी सत्र आपोआप बसत नाही. तात्त्विक विषयात १ श्रेयांक म्हणजे १५ तास. ४ श्रेयांकांचा विषय म्हणजे ६० तास, १५ आठवडे धरले तर आठवड्याला ४.

विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये मिश्र अध्यापनाचा मसुदा काढला. त्यात अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाईन शिकवण्याची कल्पना होती. ६० तासांचे ४० टक्के म्हणजे २४ तास. उरले ३६ तास समोरासमोर. आपल्याकडे किती मुभा आहे ते महाविद्यालय आणि आपलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ ठरवेल, त्यांना विचारूनच करा. पण हिशेब कसा करायचा ते सांगतो.

बहुतेक जण हे २४ तास सगळ्या आठवड्यांत सारखे वाटतात. मला ते पटत नाही. ३६ तास म्हणजे चार-चार तासांचे ९ आठवडे आणि २४ तास म्हणजे ६ आठवडे. मग ते सहा आठवडे जिथं वर्ग तसाही रिकामा पडतो तिथं का ठेवू नयेत? पहिल्या सत्रात काढणीचे आठवडे, दुसऱ्यात तुरीची रास आणि यात्रा-लग्नांचे दिवस. उरलेल्या नऊ आठवड्यांत मात्र "या, आलंच पाहिजे" असं ठामपणे सांगता येतं. पोरं आणि पालकही ते मानतात, कारण आपण त्यांचं रान आधी पाहिलेलं असतं.

मुक्त विद्यापीठ हे फार पूर्वीपासून करत आलंय. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. पुस्तक घरी आणि अभ्यासकेंद्रावर संपर्क सत्रं. भेटीचे तास थोडे असतात म्हणून ते वाचून दाखवण्यात घालवायचे नसतात, तर अडलेलं सोडवण्यासाठी वापरायचे असतात. ही समज आपण नियमित महाविद्यालयवाल्यांनी तिथून घ्यायला हरकत नाही.

समोरासमोरच्या तासांत काय ठेवायचं? चर्चा, प्रयोग, नकाशा-आलेख, तोंडी परीक्षा, उत्तर लिहून तपासणं. दूरच्या तासांत काय? व्याख्या, पार्श्वभूमी, वाचन, सरावाची उदाहरणं.

हजेरीचं काय?

जोडला गेला म्हणून हजेरी नाही आणि रेंज गेली म्हणून गैरहजेरी नाही. वहीच्या चार ओळी आल्या की त्या तासाचं काम झालं, असा माझ्या वर्गापुरता नियम. कार्यालयाची हजेरी त्यांच्या नियमाने चालते, तिच्यात मी हात घालत नाही. पण कोण शिकतंय हे मला चार ओळींतून कळतं. नक्कल येते का? येते. म्हणून प्रश्न असा विचारायचा की उत्तरात स्वतःचं घर, गाव, आकडा यावा लागेल.

शिक्षकाचा वेळही मोजा. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास थेट अध्यापन असतं. प्रत्येक तासाला दोनदा शिकवायला गेलात तर महिन्यात थकाल. एकदाच तयारी करा, ती दोन्हीकडे वापरा. फोटो दूत काढतो, मेसेज चार मिनिटांचाच, वह्या रोज सगळ्या न तपासता दहा-दहा.

पालकांशी थोडं

एका आईने मला विचारलं होतं, "सर, पोरगी फोन घेऊन बसती. अभ्यास करायली का दुसरंच काई, आम्हाला काय कळतंय?" प्रश्न रास्त आहे. उत्तर सोपं आहे. फोन बघू नका, वही बघा. तासानंतर तारीख घातलेल्या चार ओळी वहीत आहेत का, एवढं बघायला लिहिता-वाचता येण्याचीही गरज नाही.

तासाच्या वेळी फोन तिच्या हातात राहू द्या आणि त्या एका तासात तिला पाणी आणायला, भाकरी टाकायला उठवू नका. वर्गात बसलेल्या मुलाला आपण मध्येच उठवून नेत नाही ना?

आता जे बोलायला अवघड आहे ते बोलतो. मी ऑनलाईनची सोय चांगली बसवली आणि काही महिन्यांनी लक्षात आलं, वर्गातल्या मुली कमी झाल्यात. मुलं बसने येत होती, त्यांच्या बहिणी घरून जोडल्या जात होत्या. "घरी बसून होतंय की, मग बसचा पास कशाला?" असं घरात ठरत होतं. माझ्याच सोयीचं कारण पुढे करून मुलींचं येणं थांबत होतं. कोऱ्या कागदाची ती मुलगीसुद्धा बस सुरू झाल्यावर परत आली नव्हती.

म्हणून आता माझा नियम आहे. दूर राहायचं असेल तर कारण विद्यार्थ्याने स्वतः मला सांगायचं, भावाने किंवा वडिलांनी नाही. महिन्यातून चार ठरलेले दिवस प्रत्येकाने वर्गात यायचंच, त्याची तारीख सत्राच्या सुरुवातीला पालकांना कागदावर द्यायची. या दिवशी तोंडी परीक्षा असते, म्हणून घरून टाळता येत नाही. सगळ्या मुली यायला लागल्या असं म्हणणार नाही. तिच्या घरी मी आणि आमच्या एक मॅडम दोनदा गेलो. वडील म्हणाले, "चार दिवस म्हणता, तर पाठवतो."

ती आली. पहिल्या बाकावर बसली. त्या दिवशी तोंडी परीक्षेत मी तिला लवचिकतेचं उदाहरण विचारलं. तिने दुधाचं दिलं. त्यांच्या दारात देवणी गाय आहे, डेअरीने दर कमी केला तरी दूध तेवढंच घालावं लागतं, कारण गाय काही दर बघून दूध देत नाही. मी म्हणालो, हे मागणीचं नाही, पुरवठ्याच्या लवचिकतेचं उदाहरण झालं, आणि तो धडा अजून पुढे आहे.

"मग मी पुढचं वाचूनच आले म्हणायचं की, सर," ती म्हणाली.

पुढच्या महिन्याच्या चारही दिवशी ती हजर होती. आपल्या वर्गाचं नियोजन कराल तेव्हा आधी हजेरीपत्रक घेऊन बसा, आणि प्रत्येक गैरहजर नावासमोर कारण कुणी ठरवलं तेही लिहा.